टेकू झाडाला देतात

शनिवार, १३ डिसेंबर. काम : वरच्या खोलीच्या भिंती खरवडणे. रंगारी चोपड्याला लग्नाला गेला आहे आणि सोमवारी येतो म्हणाला आहे, म्हणजे बुधवार धरायचा. तोपर्यंत पोपडे तरी काढून ठेवावेत म्हणून जुनं उलथनं घेऊन सकाळीच वर चढले. खोली ऑक्टोबरपासून रिकामी आहे. तिच्यात चार वर्षं अक्का राहत होत्या, आणि चार वर्षांत त्यांनी एकदाही रंग लावू दिला नाही. दर दिवाळीला कारण वेगळं. एका वर्षी वासाने डोकं दुखतं, दुसऱ्या वर्षी पालीला राहायला जागा उरत नाही, तिसऱ्या वर्षी, नव्या रंगाच्या खोलीत आपण पाहुणे आहोत असं वाटतं. चौथ्या वर्षी मी विचारलंच नाही. तेव्हा स्वतःहून म्हणाल्या, यंदा लावायला हरकत नव्हती.

खाली जेवणाच्या टेबलावर वैशालीचा राजीनामा ठेवला आहे. आमच्या समुपदेशन केंद्रात आता ती एकटीच समुपदेशक उरली आहे. मी विद्यार्थी विभागाची अधीक्षक, त्यामुळे तिचा कागद माझ्यामार्फत कुलसचिवांकडे जातो. काल ऑफिस सुटताना तिने तो माझ्या हातात दिला. मी कारण विचारलं. झोप लागत नाही, म्हणाली. त्यापुढे ती बोलली नाही आणि मीही खोदून विचारलं नाही, मला तशी सवय नाही. सोमवारी पुढे पाठवते, एवढं म्हटलं. ती गेली की केंद्राला कुलूप लागणार, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही. जूनच्या आत नवीन माणूस नेमणार नाहीत, आणि मध्ये परीक्षा आहेत.

अक्का असत्या तर त्यांनी काय केलं असतं, असा विचार करण्यात फार अर्थ नाही. अक्कांनी जे जे केलं ते दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्याला नोटीस मिळाली असती. अक्कांनाही मिळाली होती. पण भिंत खरवडताना हात चालू असतात आणि डोकं मोकळं असतं. आठवायला काही खर्च नाही.

आमच्या संस्थेचं आवार मोठं आहे. इंजिनीअरिंगपासून नर्सिंगपर्यंत सगळी कॉलेजं एकाच कंपाउंडात, आणि आता वर खासगी विद्यापीठाची पाटी. विद्यापीठ झालं की समुपदेशन केंद्र लागतं आणि केंद्र झालं की त्याला प्रमुख लागतो. त्या प्रमुख म्हणून अक्का आल्या. मूळच्या शिंदखेडा तालुक्यातल्या, धुळ्याला मानसशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. सोमवार ते शुक्रवार जळगावात, शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीने धुळ्यात देवपूरला घरी, नानांकडे. नाना म्हणजे त्यांचे यजमान. त्यांना खोली हवी होती, माझी रिकामी होती. पहिल्या भेटीत मुलाखत मी घ्यायची की त्यांनी, याचा घोळ झाला. मी विचारलं, वर स्वयंपाक करणार का. त्यांनी विचारलं, तू रोज किती वाजता चिडतेस. मी म्हटलं, मी चिडत नाही.

"मग संध्याकाळी," असं म्हणून त्यांनी खोली घेतली.

दिसायला बुटक्या आणि रुंद. अंगावर सुती साडी, पायात मुलं खेळायला घालतात तसले पांढरे बूट, आणि उन्हाळ्यात डोक्याला शेतकरी बांधतात तसा पांढरा बागायती रुमाल. एप्रिलच्या दुपारी जळगावात कुत्रंही सावली सोडत नाही, तेव्हा ही बाई आवाराला फेरी मारायची. म्हणायच्या, या उन्हात जो पोरगा बाहेर बसलेला दिसतो, त्याला आत जायला जागा नसते. त्यातले निम्मे नुसते सिगारेट ओढायला बसलेले असतात, हे मी त्यांच्या कानावर घातलं. "असू दे की," म्हणाल्या, "त्यांनाही आत जागा नाहीच."

केळं आणि शेव एकत्र खायच्या. एका हातात सोललेलं केळं, दुसऱ्या हातात तिखट शेवेची पुडी, एक घास याचा, एक चिमूट त्याची. मी रावेरची. आमच्या घरी केळीची बाग होती, तिथे असला प्रकार कुणी केला असता तर त्याला ओट्यावर जेवायला बसवलं असतं. मी तसं बोलून दाखवलं. त्यांनी पुडी माझ्यापुढे धरली.

कुलसचिवांना त्या "भाऊ" म्हणत. कुलसचिव पन्नाशीचे, यावलचे, टापटीप माणूस. त्यांना शिपायादेखत कुणी भाऊ म्हटलेलं आवडत नसे. पण अक्का शिपायालाही भाऊच म्हणत, त्यामुळे हाक मारली की दोघंही वळून बघायचे, आणि बहुतेक वेळा काम शिपायाकडे असायचं.

ऑफिसात त्या आमच्यासारखंच बोलत. गोष्ट महत्त्वाची झाली की मात्र सरळ अहिराणीवर यायच्या. आमच्या पूर्वेकडची बोली निराळी, तिकडच्या पोरांना त्यांचं निम्मंच कळायचं. ती मान हलवत बसायची. मी एकदा म्हटलं, अक्का, त्याला काही समजलं नाही. त्यावर त्यांचं म्हणणं असं की मान हलली म्हणजे अर्धं काम झालं, आला तेव्हा त्याची मानही हलत नव्हती.

आता कामाचं सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की बाई नुसत्या शेव खात होत्या.

त्या आल्या तेव्हा केंद्र दुसऱ्या मजल्यावर, व्हरांड्याच्या अगदी टोकाला होतं. दारावर हातभर पाटी : मानसिक आरोग्य व समुपदेशन केंद्र. त्या टोकाला दुसरं काही नव्हतं. म्हणजे जो त्या बाजूला वळला तो कुठे चालला हे सगळ्या आवाराला कळायचं. अमळनेर, पारोळा, एरंडोलकडून एसटीने येणारी मुलं ही. त्यांच्याबरोबर गावातली आणखी चार जण त्याच गाडीत असतात. दुपारी व्हरांड्यात वळलेल्या मुलीची बातमी संध्याकाळी तिच्या आधी घरी पोचायची. अक्कांनी पहिले पंधरा दिवस तिथे माश्या मारल्या आणि सोळाव्या दिवशी त्या खाली माझ्या खिडकीशी आल्या.

माझ्या विभागात एसटीच्या सवलतीच्या पासाची खिडकी आहे. तिथे बारा महिने रांग असते, कारण पास प्रत्येकाला लागतो. खिडकीच्या मागे एक कोठार होतं, जुन्या उत्तरपत्रिका आणि मोडकी बाकं ठेवायचं. अक्कांनी रांग बघितली, कोठार बघितलं आणि म्हणाल्या, मला ही खोली दे. मी म्हटलं, इथे खिडकी नाही, पंखा नाही, उंदीर आहेत. म्हणाल्या, रांग आहे ना.

मला ते कळायला वेळ लागला. पासाच्या रांगेत उभ्या असलेल्या पोराकडे कुणी बघत नाही. तो खिडकीपाशी येतो, बाजूच्या दाराने आत जातो, तर लोकांना वाटतं काहीतरी फोटो राहिला असेल, सही राहिली असेल. आत अक्का. महिनाभरात कोठारात बसायला जागा पुरेना. फरक एवढाच पडला की माझी रांग फार हळू सरकायला लागली आणि माझ्याविरुद्ध दोन तक्रारी आल्या.

पुढे संस्थेला कुठूनसा निधी आला आणि कुलसचिवांनी मनापासून एक वेलनेस सेंटर बांधलं. कॅन्टीनच्या समोर, चारही बाजूंनी काचा, आत रंगीत पोत्यांसारखी बसकी आसनं, भिंतीवर उगवत्या सूर्याचं मोठं चित्र आणि खाली "हसा, जग तुमच्यासोबत हसेल". फीत कापली, फोटो झाले. दुसऱ्या दिवसापासून पोरं कॅन्टीनला जाता-येता आत डोकावायची, सराफ बाजारातल्या शोकेसकडे बघतात तशी, आणि पुढे जायची. अक्कांनी पहिलं काम केलं ते सूर्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं. ज्या पोराला सकाळी उठवत नाही त्याला सूर्योदय दाखवून कशाला चिडवता, असं त्यांनी कुलसचिवांना विचारलं. मग त्यांनी रोज जेवणाच्या सुट्टीत तासभर त्या काचेत जाऊन बसायचं ठरवलं. बसायच्या म्हणजे काय, त्या पोत्यावर आडव्या होऊन पेपर वाचायच्या, कधी डोळ्यांवर रुमाल टाकून पडायच्या. त्यांच्या हाताखालच्या समुपदेशक मात्र कोठारात काम करत. मी म्हटलं, हा काय तमाशा आहे.

"शोकेसमध्ये मी आहे," म्हणाल्या, "माल आत आहे. पाहुणे आले की त्यांना शोकेस दाखव."

पाहुणे आले, समिती आली, सगळ्यांना मी शोकेसच दाखवली. एका पाहुण्याने अक्का झोपलेल्या पाहून ही विश्रांतीची पद्धत आहे का, असं विचारलं. मी हो म्हटलं.

मुलांशी त्या गोड बोलत नसत. एखादा पोरगा आल्या आल्या मोबाईलवर वाचलेलं आजाराचं नाव सांगायला लागला, की त्या म्हणत, असेल, पण सकाळपासून पोटात काय गेलंय ते आधी सांग. चेष्टा वाटावी असं बोलणं. पण एक गोष्ट मी चार वर्षं बघितली. प्रकरण आपल्या हातातलं नाही हे त्यांना लवकर कळायचं, आणि तिथे त्यांची चेष्टा थांबायची. त्या उठायच्या, रिक्षा बोलवायच्या, पोराला किंवा पोरीला स्वतः मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन जायच्या, घरच्यांना स्वतः फोन करायच्या आणि ते येईपर्यंत तिथून हलायच्या नाहीत. परत आल्यावर त्याबद्दल एक शब्द नाही. नाव नाही, गाव नाही, मुलगा की मुलगी हेही नाही.

अशा एका दिवशी त्या संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात आल्या आणि पिठाच्या डब्यावर बसल्या. तोवर त्या खाली फक्त विरजणाला यायच्या. मी भाकरी थापत होते. त्या बसल्या, मी थापत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी नानांचं सुरू केलं. देवपूरला शेजाऱ्याच्या कडुनिंबाचा पाला आपल्या अंगणात पडतो म्हणून नाना रोज तो गोळा करून भिंतीवरून परत टाकतात आणि शेजारी रोज पुन्हा इकडे टाकतो, असं ते लांबलचक प्रकरण. मी हं हं करत होते. खरं म्हणजे माझं लक्ष तव्यावर होतं. शेवटची भाकरी झाली तशा त्या उठल्या, साडी झटकली आणि वर गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. मग रोजच.

डब्याचं झाकण चेपायला लागलं तेव्हा मी विचारलं, अक्का, तुम्ही शिकलेल्या बाई, तुमच्याशी बोलायला धुळ्यापासून जळगावपर्यंत लोक आहेत, मग इथे काय मिळतं. म्हणाल्या, "तू बरी. तुला कुणाचं काही ऐकायची हौस नाही." मी ते कौतुक म्हणून घ्यायचं की नाही हे ठरवेपर्यंत पुढे म्हणाल्या, दिवसभर लोक माझ्या तोंडाकडे बघतात, तू तव्याकडे बघतेस. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं, आणि भिंत वर भाकरी देते.

वैशालीला निवडलं तेही त्यांच्याच पद्धतीने. मुलाखतीला आलेल्यांना त्यांनी मुद्दाम ऑफिसबाहेरच्या बाकावर ताटकळत ठेवलं आणि आपण माझ्या खिडकीमागून बघत उभ्या राहिल्या. कुणी फाईल उलटत होतं, कुणी केस विंचरत होतं, एक जण शिपायाला साहेबांचा स्वभाव विचारत होता. वैशाली शिंदखेड्याकडून पहाटेच्या गाडीने आलेली, ती बाकावर चक्क झोपली. तोंड उघडं ठेवून. अक्का म्हणाल्या, हिला घ्यायची. मी म्हटलं, ही मुलाखतीत झोपते, कामावर काय करेल.

"परक्या बाकावर झोप येते तिला," अक्का म्हणाल्या, "असं माणूस या कामात टिकतं. जागरण करणारे दोन वर्षांत संपतात."

ती टिकली. कमी बोलणारी, कामाला चोख, आणि भिडस्त इतकी की चहा दिला तर कप विसळून ठेवणारी. माझ्या घरी ती चार वर्षांत दोनदा आली, दोन्ही वेळा अक्कांच्या निरोपासाठी, आणि दोन्ही वेळा उंबऱ्याच्या आत आली नाही.

आता गुरुवारचं सांगायला हवं, कारण अक्कांना नोटीस मिळाली ती त्यावरून.

कुलसचिवांनी एका वर्षी तणावमुक्ती सप्ताह काढला. हेतू चांगला होता, त्यांचे हेतू नेहमी चांगलेच असतात. रोज प्रत्येक कॉलेजात व्याख्यान, दुपारी विद्यार्थ्यांचे गट, संध्याकाळी वसतिगृहात कार्यक्रम, शिवाय फुगे आणि सेल्फीसाठी चौकट. आमच्याकडे समुपदेशक तिघी. त्या आठवड्यात त्या तिघी सकाळी कुठल्या कॉलेजात आहेत हे त्यांचं त्यांना सांगावं लागत होतं. एकीचा घसा बसला. दुसरी तणावमुक्तीवर बोलता बोलता व्यासपीठावर रडली, आणि मुलांना तो कार्यक्रमाचा भाग वाटून त्यांनी टाळ्या वाजवल्या. वैशालीला ताप होता, तो तिने कुणाला सांगितला नाही. मला कळला, कारण रजेचा अर्ज भरायला आली आणि तिला रजाच नाही हे मी तिला सांगितलं. कंत्राटी माणसाला आजारी पडायची सोय नसते.

सप्ताह संपल्यावरचा पहिला गुरुवार. दुपारी मी जेवून आले तर कोठाराच्या दाराला आतून कडी आणि बाहेर अक्कांच्या अक्षरात कागद : "समुपदेशकांना आज जरा बरं वाटत आहे. ते टिकावं म्हणून केंद्र दुपारी बंद." खाली, अगदीच नड असेल तर दार वाजवावं, असंही होतं. आतून आधी बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग कुणीतरी रडलं, मग तिघीचौघी हसल्या. नंतर शेवभाजीचा वास आला. मला वाटलं एक दिवसाचं असेल. पुढच्या गुरुवारी पुन्हा कडी.

कुलसचिवांनी बोलावलं. फाईल घेऊन मला जावं लागलं म्हणून मी तिथे होते. ते म्हणाले, मॅडम, विद्यार्थ्यांसाठीचं केंद्र कर्मचाऱ्यांसाठी बंद ठेवता येणार नाही, आणि आत नक्की चालतं काय. अक्कांनी सांगितलं : आठवडाभर पोरं जे यांच्या डोक्यात टाकून जातात, त्यातलं काय अडकलं ते एकमेकींना सांगतात, नाव न घेता. कुठे चुकलं ते विचारतात. जिला रडायचं ती रडते, जिला झोपायचं ती झोपते. मग जेवतो. साहेब म्हणाले, हे सगळं सुटीच्या दिवशी करता येईल.  त्यावर अक्कांनी एकदम विचारलं, भाऊ, तुमच्याकडे केळीला घड लागला, जड झाला, की काय करता?

साहेब गोंधळले. म्हणाले, टेकू देतो.

"कोणाले? घडले का झाडले?"

  मला हातातली फाईल कुठे ठेवावी ते सुचेना. शेवटी साहेब म्हणाले, झाडाला. नोटीस द्यायची ती दिलीच, कारण ती टाईप झालेली होती. पण गुरुवारची दुपार त्यांनी मोडली नाही. उलट त्या वेळेला कुणी बैठक लावली तर ती स्वतः हलवायचे.

कोरडवाहू शिंदखेड्याच्या बाईने यावलच्या माणसाला केळी शिकवावी आणि रावेरच्या बाईने उभं राहून मुकाट ऐकावं, हे मला अजून पचलेलं नाही. बाहेर आल्यावर मी विचारलं, टेकू बांबूचा देतात की पट्टीने बांधतात, माहीत आहे का तुम्हाला. म्हणाल्या, मी केळीची बाग फक्त एसटीच्या खिडकीतून बघितली आहे.

ऑक्टोबरमध्ये नानांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दिवसातून चार वेळा थेंब घालायचे, आणि नानांना दुसऱ्या कुणाच्या हातून थेंब चालेनात. अक्कांनी आठ दिवसांत गाशा गुंडाळला. निरोपाच्या कार्यक्रमात भाषण करायला सांगितलं तर म्हणाल्या, इतकी वर्षं पोरांच्या डोळ्यांतलं पाणी बघितलं, आता नवऱ्याच्या डोळ्यांत घालायला जाते. आणि खाली बसल्या. एवढंच भाषण.

त्यांच्यानंतर सगळं कुणी मुद्दाम मोडलं असं नाही. एक समुपदेशक नाशिकला गेली, दुसरी बाळंतपणासाठी माहेरी. जागा भरायच्या आहेत, पण फाईल फिरते आहे. तिघींकडे येणारी मुलं आता एकट्या वैशालीकडे. आणि गुरुवारची दुपार? तिथे कुलसचिवांनी अक्कांची आठवण म्हणून समुपदेशकांसाठी प्रशिक्षण सुरू केलं आहे. विषय : कर्मचाऱ्यांचे तणाव-व्यवस्थापन. पडद्यावर पुण्याचे कुणी तज्ज्ञ बोलतात, हजेरी सक्तीची आणि शेवटी परीक्षा. ऐकायला वैशाली एकटी. ते संपलं की राहिलेल्या मुलांना भेटून ती अंधार पडल्यावर घरी जाते, आणि इतर दिवशीही उशीर ठरलेलाच. मी खिडकी बंद करून निघते तेव्हा तिच्या दाराखालून उजेड दिसतो. मी तो रोज बघते. बघून घरी येते, कारण भाकरी टाकायच्या असतात.

दुपारपर्यंत अर्धी भिंत झाली. हात धुवायला खाली आले आणि अक्कांना फोन लावला. लावायचं काही ठरवलं नव्हतं.

त्यांनी आधी रंग कोणता देतेस ते विचारलं. मी फिका पिवळा म्हटलं. अगदीच वाईट, म्हणाल्या. मग मी वैशालीचं सांगितलं. फोनवर नाना काहीतरी शोधत असल्याचा आवाज येत राहिला.  मग अक्का म्हणाल्या, "तिले आठे कोन शे?"

तिला इथे कोण आहे. मी सांगायला लागले, नवरा पुण्याला नोकरीला, आई शिंदखेड्याला, ती इथे एका बाईकडे खोली घेऊन राहते.

"आठे इचारं मी. पुनाले नही."

मी म्हटलं, इथे कुणी नाही. मग म्हटलं, अक्का, मला हे जमत नाही. माणसाला जवळ बसवून, काय गं होतंय, असं विचारणं माझ्याच्याने होत नाही. त्या म्हणाल्या, तुला विचारायला कोण सांगतंय. मी म्हटलं, ती तुमच्यासारखी नाही, येऊन डब्यावर बसायची नाही. न बोलावता येत नाही, आणि बोलावलं तर कशासाठी म्हणून विचारते.

"मग कारण दे तिला," अक्का म्हणाल्या, "शिकलेली आहे, कारण लागतं." आणि थेंबांची वेळ झाली म्हणून फोन ठेवला.

उरलेली भिंत मी संध्याकाळपर्यंत संपवली. कुलसचिवांशी सोमवारी गुरुवारबद्दल बोलणार आहे. काय बोलायचं तेही खरवडता खरवडता ठरलं : प्रशिक्षणाचा आदेश लेखी आलेला आहे, ते लेखीच बंद करून घ्यायचं, आणि बाळंतपणाला गेलेलीच्या जागेवर तासिका तत्त्वावर कुणीतरी जानेवारीतच मागायचं. ते ऐकतील असं नाही. पण त्यांना ऐकायला उशीर लागतो तेवढ्यात वैशाली गेलेली नसावी, हे बघायला हवं, आणि ते त्यांच्या ऑफिसात होण्यासारखं नाही.

रविवारी सकाळी चहा घेतल्याबरोबर वैशालीला फोन केला. पहिल्याच रिंगला उचलला, म्हणजे जागीच होती. म्हटलं, दुपारी ये, तुरीच्या शेंगा सोलायच्या आहेत, माझ्या एकटीने होणार नाहीत. किती आहेत, तिने विचारलं. भरपूर आहेत, म्हटलं, दोन-तीन दिवस लागतील. येते, म्हणाली. राजीनाम्याचं तिने काढलं नाही, मीही नाही.

मग दोन पिशव्या घेतल्या आणि बाजारात गेले, कारण घरात तुरीची एकही शेंग नव्हती. चांगल्या भरलेल्या बघून दोन्ही पिशव्या गच्च करून घेतल्या. भाजीवालीने विचारलं, अक्का, घरी कार्य शे का? हो म्हटलं.